नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

जाळं पुळणीच्या वाळूला लागलं तेव्हा त्यात बांगडा नव्हता, भोक होतं.

तासाभरापूर्वी लवू मायेकराने टेकडीवरून पंचा फिरवून इशारा दिला होता. तो वर बसून पाण्याचा रंग बघायचा. मासळीचा थवा आला की पाणी काळवंडतं, पण ते सगळ्यांना दिसत नाही. लवूला दिसायचं. इशारा मिळताच आम्ही होडी लोटली, जाळं अर्धगोल टाकलं आणि दोन्ही टोकांच्या दोरांना पन्नास माणसं लागली. दोर जड येत होता. दोर जड आला की अंगात बळ येतं. बाया टोपल्या घेऊन पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि मग मधेच दोर हलका झाला.

"खय गेले?" जगन्नाथ म्हणाला. त्याला सगळे जगल्या म्हणत. "चाय घेवक पन थांबले नाय."

कोणी हसलं नाही. जाळं पूर्ण वर ओढल्यावर भोक सापडलं. माणूस आरपार जाईल एवढं.

भिवकाका आमच्यात सगळ्यात वयस्क. ते गुडघ्यावर बसले, भोकाची कड डोळ्यांजवळ नेली. "ह्या फाटलेला नाय," ते म्हणाले. "कापलेला आसा."

रापण म्हणजे एकट्याचं जाळं नव्हे, हे इथे सांगायला हवं. वाडीतल्या प्रत्येक घराचा एक तुकडा असतो. तुकड्याला तुकडा बांधत गेलं की अर्ध्या मैलाचं एक जाळं होतं. ज्याचा तुकडा जाळ्यात, तो रापणीचा. त्या सालात मी रापणीचा म्होरक्या होतो. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आलं. जाळं कधी टाकायचं ते ठरवणं, माणसांतली भांडणं मिटवणं आणि देवाला गाऱ्हाणं घालणं, ही म्होरक्याची तीन कामं. पहिलं मला जमायचं. तिसरं तर चांगलंच जमायचं, माझा आवाज खणखणीत होता. मधलं कधी जमलं नाही. दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहून चढ्या आवाजात बोलू लागली की मला तिथून पळावंसं वाटायचं. मी विषय बदलायचो, किंवा दोघांना वेगवेगळं गाठून दोघांनाही बरोबर म्हणायचो. त्यामुळे मी शांत स्वभावाचा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो.

मीही भोकाची कड हातात घेतली. सुताला अंगठा लावला तर काहीतरी टोचलं. कालवाच्या कवचीची एक बारीक कपची सुतात अडकली होती. कालवं ही शिंपली पाण्यातल्या खडपावर, खडकाला चिकटून असतात, पुळणीवर नसतात. मी ती नखाने काढली आणि वाळूत टाकली. कोणी बघितलं नाही.

"रात्री कोणीतरी येवन कापला," जगल्या म्हणाला. "जाळा हयच तर पडलेला असता."

"कोण कापीत?" एकाने विचारलं.

दहा-पंधरा माना टेकडीकडे वळल्या. लवू पायवाटेने खाली येत होता.

लवू दोन वर्षं रत्नागिरीकडे ट्रॉलरवर होता. त्या पावसाळ्यात परत आला होता. ट्रॉलर म्हणजे आमचे वैरी. किनाऱ्याजवळ येऊन सगळं खरवडून न्यायचे, आमची जाळी तोडून जायचे. आणि लवूने नारळी पुनवेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, की रापणीचे दिवस सरले, आपण सगळ्यांनी मिळून एक यंत्राची होडी घेऊया. त्यावर फार आरडाओरडा झाला. जगल्या त्याला "ट्रॉलरवालो" म्हणाला. लवूही तापला. "ह्या जाळ्याक एक दिस घुशी खातले," तो म्हणाला, "तेवा माझी आठवण काढा." ते वाक्य लोकांनी जपून ठेवलं होतं.

लवू खाली आला. त्याने किती मासळी आली ते विचारलं नाही. भोकाकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं. माझा धाकटा भाऊ पुरसो छोटी होडी वल्हवत किनाऱ्याला येत होता. जाळं ओढलं जात असताना त्याच्या मागे एकटा माणूस छोट्या होडीत असायचा. जाळं पाण्यातल्या हत्तीखडपाला अडकलं तर त्याने बुडी मारून सोडवायचं. ते काम पुरसोचं. त्याच्यासारखी बुडी वाडीत कोणाची नव्हती.

मग लवूने माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि बघतच राहिला.

"जाळा वाळत घाला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळे भिवकाकांच्या पडवीत जमले. लवूला बोलावलं नव्हतं. जगल्याचं म्हणणं, त्याला रापणीतून काढावा. दोघांचं म्हणणं, आधी दोन ठेवून द्याव्यात आणि मग काढावा. पुरसो खांबाला टेकून बसला होता. तो एरवी बडबड्या, त्या दिवशी बोलला नाही.

भिवकाकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोती, तू म्होरक्या आसस. लवूक हय बोलव. सगळ्यांसमोर बसव आणि सरळ इचार, बाबा तू कापलंस काय? तो नाय म्हणालो तर तेचा पन आयकून घेवया. काल जाळ्याच्या आसपास कोण कोण होता, सगळ्यांका इचार. इचारल्याशिवाय मनात ठेवलात तर आतल्या आत कुसतला."

"सगळ्यांका इचार" हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगठ्याला ती कपची पुन्हा टोचली.

"काका, तोंडार इचारला तर जल्माचा वैर येतला," मी म्हणालो. "लवू आपलोच आसा. कोणाचा नाव घेवक नको. देवाक सांगूया. ज्याचा तेका समाजतला."

"देवाक म्हायत आसा," भिवकाका म्हणाले. "इचारूचा तुमका आसा."

पण बाकीच्यांना माझं पटलं. जगल्या खूश झाला. "देव बरोबर हुडकून काढता," तो म्हणाला. "पंचायतीपेक्षा बरो." समोरासमोर बसून विचारायचं काम कोणालाच नको होतं, ते मी सगळ्यांच्या डोक्यावरून उचलून देवाच्या डोक्यावर ठेवलं. घरी जाताना मला मी फार शहाणा वाटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर नारळ ठेवला, विडा ठेवला. सगळे रापणकर अर्धगोल उभे राहिले. लवूही आला. त्याला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. तो भिवकाकांच्या शेजारी उभा राहिला.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. मध्ये कोणी बोलत नाही. गाऱ्हाण्याला उलट उत्तर नसतं, कारण ते माणसाशी बोलणं नसतं.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे हुबी आसत. तेंच्या पोटापान्यात इघिन इला हा, ता दूर कर."

"व्हय म्हाराजा."

इथपर्यंत वडील म्हणायचे तेच होतं. पुढचं मी रात्री मनाशी जुळवून ठेवलं होतं.

"आमच्यातलो कोन एक पाय हय आणि एक पाय भायरच्या बोटीत ठेवन वागत असात, अन्नाच्या जाळ्याक तेनी सुरी लावली असात, तर तेका सुबुद्धी दी. आयकत नसात तर तुझा पानी तेका दाखव."

भायरच्या बोटीत म्हटल्याबरोबर सगळा अर्धगोल लवूकडे वळला. बोट कोणी दाखवलं नाही. नुसत्या माना. हुंकार आला तो पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा होता.

"व्हय म्हाराजा."

मी लवूकडे बघणार नव्हतो, पण बघितलं. त्याचेही ओठ हलले. तो सगळ्यांबरोबर म्हणाला. हात जोडलेले होते आणि नजर सरळ माझ्यावर होती.

नारळ फोडला. खोबरं वाटलं. लवूच्या हातावर जगल्याने खोबरं ठेवलं ते जरा उंचावरून, हाताला हात लागू नये असं.

त्यानंतर लवूला कोणी वाईट बोललं नाही. बोलण्याची गरजच राहिली नव्हती. तो टेकडीवर चढायचा, पंचा फिरवायचा, आणि खाली माणसं उगीच थोडा वेळ काढून मग उठायची. दुपारी जेवायला तो भाकरी घेऊन सावलीत आला की तिथले दोघेतिघे हात धुवायला जायचे. विहिरीवर त्याची बायको आनंदी आली की बाया आपले हंडे बाजूला ओढून तिला वाट करून द्यायच्या. ती फार मोठी वाट असायची. मी हे सगळं बघत होतो. मी कोणाला असं करा म्हणून सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत होतो.

सहाव्या दिवशी टेकडी रिकामी दिसली.

आम्ही अंदाजाने जाळं टाकलं. शेवाळ आलं, दोन खेकडे आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. भिवकाका म्हणाले, "डोळे फोडून घेतलंव आणि आता वाट हुडकतंव." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले.

त्या दुपारी मी आणि पुरसो मांगराच्या, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटाच्या, सावलीत जाळं दुरुस्त करत बसलो होतो. भोक वरवर बांधून जाळं वापरत होतो, ते नीट भरायचं काम अजून चालूच होतं. माझ्या हातात सुई, त्याच्या हातात सुताचं रीळ.

"दादा, लवू परत बोटीर जाता म्हनतत."

"जावंदे."

"आनंदीवैनी रडा होती."

मी टाका घातला.

"दादा, ता मिया कापलंय."

माझा हात थांबला नाही. मला आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा मी केलं नाही. त्याने ते ओळखलं असावं, कारण तो पुढचं खाली बघून बोलला.

"जाळा खडपाक अडाकला. मिया होडीतसून पाय खाली सोडलंय, पन उतराक होयना. गेल्या सालात खाली अडाकलेलंय ना, नाकातसून रगात इला, ता कोनाक सांगलंय नाय. तेव्हापासून पान्यात तोंड घातला की छाती बंद होता. लोक थय दोर वडत होते. जाळा फाटता की काय असा झाला. मगे सुरी लावलंय. म्हटला जाळ्याची चार घरा कापूया. कापता कापता केवढा झाला." त्याने रीळ खाली ठेवलं. "माका वाटला, तू इचारशीत. त्या दिवशीच सांगलं असतंय. मगे तू गाऱ्हाना घातलंस."

पुरसो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. गावात त्याच्या बुडीची गोष्ट पोरं एकमेकांना सांगायची.

"सगळ्यांका सांगान टाकतंय," तो म्हणाला. "आताच जातंय भिवकाकांकडे."

तो उठलासुद्धा. मी त्याचा हात धरला.

"थांब," मी म्हणालो. "मिया बघतंय."

ह्या एवढ्या शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गाऱ्हाणं घातलं तेव्हा मला पक्कं ठाऊक नव्हतं, असं म्हणून मी थोडी पळवाट काढू शकतो. "थांब" म्हणालो तेव्हा सगळं ठाऊक होतं. एक तरणा पोर खरं बोलायला उठला होता आणि मी त्याला खाली बसवला.

संध्याकाळी मी लवूच्या घरी गेलो. वाटेत वाक्य जुळवलं होतं. लवू, चूक आमची झाली, माझ्या घरातून झाली. एवढंच. दहा वेळा घोकलं.

लवू अंगणात पत्र्याच्या ट्रंकेची कडी ठोकत होता. आनंदी म्हणाली, "भावजी, बसा," आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. मी काहीतरी चांगलं घेऊन आलो आहे असं तिला वाटलं होतं.

"काय काम काढलंस?" लवूने विचारलं.

"काय नाय. सहज."

"म्होरक्या सहज येत नाय."

मी पाणी प्यायलो. वाक्य तोंडाशी आलं होतं. आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"झाला गेला इसरूया, लवू. लोकांच्या मनात आता काय नाय. मिया सगळ्यांका समजावतंय. तुका कोन काय बोलूचो नाय. तू उद्या टेकडीर ये."

लवूने हातोडी खाली ठेवली.

"म्हंजे माका माफ केलास."

मी तांब्या खाली ठेवला. मग म्हणालो, "तसा समज."

आनंदीने तांब्या उचलला आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

"मोतीदा," लवू म्हणाला, "टेकडीरसून हत्तीखडप तळहातासारखा दिसता. पुरसोची होडी थय थांबली. तो वाकलो. पान्यात उतराक नाय. सुरी उन्हात दोनदा चमाकली. मगे जाळा सुटला आणि बांगडो भायर गेलो. पान्याचो रंग पसारताना बघलंय मिया."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"सांगाकच खाली इलंय. तुझ्या तोंडाकडे बघलंय. तू म्हनालंस, जाळा वाळत घाला. म्हटला, भाव आसा, घरात इचारतलो, मगे बोलतलो. दोन दिस वाट बघलंय. तू माका तरी इचारशीत असा वाटला. इचारलं असतंस तर सांगलं असतंय. तू इचारलंसच नाय. देवाक सांगलंस."

"मगे तू व्हय म्हाराजा कित्याक म्हनालंस?"

"तेच्यात खोटा काय होता? ज्यान कापला तेका सुबुद्धी दी, म्हनालंस. मिया पन ताच मागलंय."

मग मी म्हणालो, "उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगतंय. देवाची आन."

"आन नको. सांग. मिया येतंय ऐकाक."

पुरसोला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिवकाका तर त्याच्या खूप आधी गेले. रापणही राहिली नाही. पुढे वाडीत यंत्राच्या होड्याच आल्या. मला अक्षर आलं ते वयाच्या साठाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. बाईंनी एकदा वाडीतल्या सगळ्या घरांची नावं लिहून आणायला सांगितली. मी लिहिली, जी उठून गेली त्यांचीसुद्धा. एक घर सोडलं. बाई परक्या गावच्या, त्यांना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी वहीवर लाल शाईने "छान" असं लिहिलं.

लवूच्या घरी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुळणीवर जमले होते. लवू आला, मागे आनंदी होती. तो सगळ्यांपासून चार हात लांब उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. पुरसोही माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं होतं, दादा बघतो म्हणाला म्हणजे आज बोलेल. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. मी बोलावं, एवढाच.

मी घसा साफ केला. माणसं गप्प झाली.

"काय रे लवू," जगल्या म्हणाला, "माफी मागाक इलंस?"

लवूने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्या शब्दाची वाट बघत होता. मी पन्नास चेहऱ्यांकडे बघितलं. आत्ता बोललो की पुरसोचं काय होईल, माझं काय होईल, माझ्या वडिलांच्या जागेचं काय होईल, ते सगळं मला एका क्षणात दिसलं. लवूचं काय होईल ते मात्र दिसलं नाही, तो समोर उभा असून.

"जगल्या, गप," मी म्हणालो. "झाला गेला संपला. होडी लोटा."

लवू थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तो वाळूवर पसरलेल्या जाळ्याकडे गेला, चालत चालत आपला तुकडा शोधला आणि खाली बसला. खिशातून त्याने एक लाकडी खुंटी काढली आणि तुकडा जिथे दुसऱ्याच्या तुकड्याला बांधलेला होता तिथली पहिली गाठ सोडवायला घेतली.

सुरीने कापलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण कापलं तर शेजारच्या तुकड्याची कड खराब होते. तो एकेक गाठ खुंटीने सैल करून सोडवत होता. ओलं होऊन आवळलेलं सूत, प्रत्येक गाठीला वेळ लागत होता. कड ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. आनंदी पुढे आली, पण तिला ते नीट जमेना. तेव्हा मी जाऊन बसलो आणि कड धरली. मला वाटलं, तो नको म्हणेल. तो काही म्हणाला नाही. आम्ही दोघे समोरासमोर, हातभर अंतरावर बसलो होतो, आणि त्याने तोंड वर केलं नाही.

"मोती, हेका थांबव," भिवकाका म्हणाले.

मी कड धरून राहिलो.

दुसऱ्या बाजूच्या गाठीही सुटल्या. लवूने तुकड्याची घडी केली, खांद्यावर घेतली. घडी जड होती, आनंदीने मागून टोक उचललं. दोघे पायवाटेला लागली. जाळं मधोमध तुटून दोन झालं होतं आणि माणसं त्या रिकाम्या जागेभोवती उभी होती.

"काल तू तेच्या घराकडे गेल्लंस मा?" भिवकाकांनी मला विचारलं. "काय म्हनालो तो?"

विचारलं होतं, सगळ्यांसमोर, सरळ.

"बोटीर जातंय म्हनालो तो," मी म्हणालो. "रापन नको तेका."

"म्हटलंच होता मिया," जगल्या म्हणाला.

भिवकाका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुई काढून पुरसोपुढे धरली. वाडीत सगळ्यात घट्ट गाठ पुरसोची बसायची. पुरसोने सुईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तो वाळूत बसला, दोन्हीकडच्या कडा जवळ ओढल्या आणि शिवायला लागला. मी त्याच्यासमोर बसून कड धरली.